झेडपीच्या शाळेवर सोलार बसवून घ्यायचंय, निधीसाठी नेमकं कोणाला गाठावं?

लातूरकर_पालक:

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आमची झेडपीची पहिली ते आठवीची शाळा आहे, पट दीडशेच्या वर, माझी दोन्ही लेकरं तिथंच शिकायलेत. शाळा खरंच चांगली आहे, सर-मॅडम मनापासून शिकवतेत, गावानं वर्गणी करून दोन वर्गात मोठे टीव्ही पण लावलेत. पण लाईटचं काही खरं नाही. शाळा भरली की तासाभरात लाईट जाती, आली तर व्होल्टेज इतकं कमी की पंख्याची पाती मोजून घ्यावी, टीव्ही चालू होतो अन बंद पडतो. त्यात बिल थकलं म्हणून एकदा कनेक्शनच कापलं होतं, पावसाळ्याचे दिवस, खिडक्या लावल्या तर अंधार अन उघडल्या तर वह्या भिजायल्यात अशी गत. मार्च-एप्रिलला सकाळची शाळा असती तरी दहा वाजता पत्र्याच्या खोल्यांत बसवत नाही, चौथीच्या पोरी गणिताच्या वहीनं वारा घेत बसतेत, लिहायचं कधी मग.

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. आम्ही पालकांनी मिळून ठरवलं की शाळेवर सोलार बसवून घ्यायचंच. ऊन तर आपल्याकडं काय कमी नाही. आमदार साहेब गावात आले तेव्हा निवेदन दिलं, फोटो झाला, पेपरला बातमी पण आली, ते चांगलंच बोलले की बघतो म्हणून. पुढं काहीच हललं नाही. आता पंचायत समितीत गेलं की म्हणतेत झेडपीला जा, तिथं गेलं की म्हणतेत कलेक्टर ऑफिसला नियोजनला विचारा.

तर ज्यांनी कोणी हे करून घेतलंय त्यांनी सांगा, कोणाच्या फंडातून होतं, किती किलोवॅटचं मागायचं, खर्च किती सांगायचा, अन मुख्य म्हणजे ते टिकतं का, कारण शेजारच्या गावात शाळेवर पॅनल आहेत पण बॅटऱ्या कधीच्याच गेल्यात अन सगळं बंद पडून आहे.


झेडपी_गुरुजी:

भाऊ, मी झेडपीतच शिक्षक आहे त्यामुळं गाव-तालुका सांगत नाही. पण तुमच्या पोस्टमधलं बिल थकण्याचं जे आहे ना त्यावर आधी बोलतो, कारण सोलारच्या नादात ते राहून जातं अन मग पुढं तिथंच घोडं अडतं.

शाळेला समग्र शिक्षा ह्या केंद्र-राज्याच्या शाळांसाठीच्या योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. तुमचा पट दीडशेच्या वर म्हणजे १०१ ते २५० च्या गटात, वर्षाला ५०,००० रुपये. ३१ ते १०० पटाला २५,००० अन तीसच्या आतल्या शाळेला फक्त १०,०००. ह्याच पैशात खडू, रंगरंगोटी, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, नळाच्या तोट्या, स्टेशनरी अन लाईट बिल. पैसे येतेत पण कधी येतील ते सांगता येत नाही, बिल मात्र महिन्याला येतं. म्हणून थकतं. मुख्याध्यापकाची चूक नाही त्यात.

आता करायचं काय तर पहिलं बिल हातात घ्या अन त्यावर टेरिफ, म्हणजे वीजदराचा गट, कोणता लिहिलाय ते बघा. सरकारी शाळांसाठी सार्वजनिक सेवा असा वेगळा गट आहे, एलटी ७ ए. बऱ्याच जुन्या कनेक्शनवर अजून कमर्शियलच पडलेलं असतं, तसं असलं तर मुख्याध्यापकाच्या सहीनं बदलासाठी अर्ज द्या. दुसरं, थकबाकी शून्य करून घ्या, ग्रामपंचायतीकडून किंवा वर्गणीतून, कसंही. थकबाकी असली की नेट मीटर, म्हणजे सोलारची किती वीज लाईनला दिली अन लाईनची किती घेतली ते मोजणारं मीटर, मिळत नाही, पॅनल छतावर येऊन पडतेत अन जोडणी होत नाही.

अन तुम्ही समितीत आहात ना मग नुसतं पालक म्हणून निवेदन कशाला देता? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ खाली तुमची समिती आहे, तिच्यात ७५ टक्के पालक असतेत अन निम्म्या महिला पाहिजेत, अन कलम २२ मध्ये शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असं स्पष्ट आहे. त्या आराखड्यात सोलार घाला, बैठकीत ठराव घ्या, प्रोसिडिंगला लिहा. मग जो कागद पुढं जातो तो कायद्यानं नेमलेल्या समितीचा कागद असतो, साहेबाला तो आवक-जावकमध्ये घ्यावाच लागतो.


नांदेड_सोलारवाला:

माझा धंदाच हा आहे, घरावर, हॉस्पिटलवर, चार-पाच शाळांवर पण बसवलेत. म्हणून सरळ सांगतो, विकायला आलो नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट जी आमदाराला पण माहीत नसती अन पालकाला पण. साधं ऑनग्रिड सोलार, म्हणजे बॅटरी नसलेलं अन सरळ लाईनला जोडलेलं, लाईट गेली की बंद पडतं. ऊन कितीही असू द्या. लाईनवर वायरमन काम करत असला तर त्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतः बंद होतो, ती सेफ्टी आहे, ती काढता येत नाही. शहरात चालतं हे कारण तिथं लाईट क्वचित जाती. तुमच्याकडं साडेदहा ते पाच मध्ये दोन-तीनदा जात असली तर ऑनग्रिडनं बिल कमी होईल पण पंखे बंदच राहतील, अन गाव म्हणंल सोलार फेल. म्हणून हायब्रिड मागा, थोडी का होईना लिथियमची बॅटरी सोबत. ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडती पण तिला वेळेवर पाणी टाकणारा माणूस लागतो अन सुट्टीत दोन महिने तिच्याकडं कोणी बघत नाही, शेजारच्या गावात बहुतेक तेच झालं असंल.

किलोवॅटचा हिशोब घरीच करा. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. २० पंखे जुने धरले तर दीड हजार वॅट, बीएलडीसी धरले तर सहाशे. म्हणून प्रस्तावात पॅनलसोबत पंखे पण घाला, सिस्टीम लहान होती अन बॅटरी जास्त वेळ पुरती. त्यात ट्यूब, दोन टीव्ही, कॉम्प्युटर, आरओ धरला तर ३ किलोवॅटमध्ये शाळा भागती, बोअरची मोटर पण चालवायची असली तर ५ धरा. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट निघतेत, जागा १०० स्क्वेअर फूट लागती. खर्च आजच्या भावात ऑनग्रिडला किलोवॅटमागं साधारण ५० ते ६५ हजार, लिथियम बॅटरी ५ युनिटची घेतली तर वर लाख-सव्वा लाख. म्हणजे ३ किलोवॅट हायब्रिड, पंखे अन वायरिंग धरून साडेतीन-चार लाखांत बसायला पाहिजे. पीएम सूर्यघरची ७८ हजाराची सबसिडी कोणी सांगितली तर ती घरांसाठी आहे, शाळेच्या प्रस्तावात धरू नका.

अजून दोन गोष्टी. छत. आपल्या मराठवाड्यात निजामकालीन खोल्या अजून कितीतरी शाळांत उभ्या आहेत, त्यांच्यावर अन जुन्या पत्र्यावर पॅनलचं वजन टाकायचं नाही. आरसीसी स्लॅबची खोली निवडा, झेडपी बांधकामच्या इंजिनिअरकडून छत चांगलं असल्याचा दाखला घ्या, दक्षिणेला लिंब किंवा पाण्याची टाकी नको सावली पाडणारी. दुसरं म्हणजे नेट मीटरिंगचा हिशोब ३१ मार्चला होतो, वर्षभर उरलेले युनिट तेव्हा कमी भावात जातेत. पण शाळेचं नशीब चांगलं की एप्रिल-मे नव्या वर्षात येतो, सुट्टीत तयार झालेले युनिट जूनपासून वापरायला शिल्लक राहतेत. दोन-तीन किलोवॅटमध्ये बिल जवळपास स्थिर आकारावर येऊन थांबतं.


लातूरकर_पालक:

सोलारवाले भाऊ लई उपकार झाले, हे लाईट गेल्यावर बंद पडायचं कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या निवेदनात नुसतं "सोलार पॅनल बसवून द्यावे" एवढंच लिहिलंय. बिल आत्ता बघितलं, कमर्शियलच आहे गुरुजी. उद्याच अर्ज देतो.

पण पैशाचं कसं? आमदाराला पाच कोटी मिळतेत म्हणतेत, मग चार लाख काय मोठे आहेत?


गोदाकाठ_परभणी:

दादा मी आई आहे, आमच्या शाळेच्या समितीची अध्यक्ष. आमच्या शाळेवर सोलार झालंय म्हणून लिहायली.

आमदारांना वर्षाला ५ कोटी असतेत हे खरं पण ते पैसे त्यांच्या खिशात नसतेत. ते शिफारस पत्र देतेत, पत्र जातं कलेक्टर ऑफिसात जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडं, तिथं काम नियमात बसतं का बघतेत, अंदाजपत्रक मागतेत, तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग टेंडर. आमदार हो म्हणले अन तुमच्याकडं अंदाजपत्रकच नाही तर पत्रावर रक्कम काय टाकणार ते? आमचं पहिलं निवेदन असंच गेलं होतं. नंतर आम्ही फाईल करून नेली. समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकाचं पत्र, बांधकामकडून अंदाजपत्रक, छताचा दाखला, हे काम दुसऱ्या कुठल्या योजनेत मंजूर नाही असा गटशिक्षणाधिकाऱ्याचा दाखला, वर्षभराची बिलं, अन जागेचे फोटो. पीए साहेबानं फाईल चाळली अन तिथंच बसून शिफारस पत्राचा मजकूर टाईप करायला घेतला. निवेदनाचा कागद त्याच्या टेबलावर ढिगानं असतो, असली तयार फाईल क्वचित येती, एवढाच फरक.

जाताना बायका गेल्या आम्ही. मुद्दाम. गावात दोन गट आहेत, सरपंच एका पार्टीचे अन आमदार दुसऱ्या पार्टीचे, पुरुष गेले असते तर हा कोणाचा माणूस अन तो कोणाचा यातच वेळ गेला असता. आम्ही सरळ म्हणलो साहेब आमची लेकरं उकाड्यात बसतेत, फलकावर नाव तुमचं लावा, सरपंचाचं पण लावा, आम्हाला पंखा फिरलेला पाहिजे. एका माऊलीनं तर घरून थर्मामीटर नेला होता, वर्गात दुपारी लावून मोबाईलवर फोटो काढलेला, तो दाखवला. बाकीचं काय बोलायची गरज राहिली नाही.

वेळ बघून जा. पुढच्या वर्षाचा जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा दिवाळीच्या आसपास बनायला लागतो अन जानेवारी-फेब्रुवारीत वर जातो, त्याच्या आधी तुमचं नाव शिक्षण विभागाच्या यादीत गेलं पाहिजे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतेत, अन १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला जिल्ह्याला मंत्री येतातच. त्या दिवशी भेट मागा, पण भाषणाच्या गर्दीत नाही, आदल्या दिवशी विश्रामगृहावर वेळ ठरवून. अन आचारसंहिता लागायच्या आत प्रशासकीय मान्यता पदरात पाडून घ्या, नाहीतर सगळं थांबतं.


मास्तर_नाही_पालक:

मला हे सगळं वाचून वाईट वाटायलंय. शाळा सरकारची, लेकरं गरिबाची, अन आई-बापानं रोज बुडवून फायली घेऊन फिरायचं? पंखा लाईट हे द्यायचं काम सरकारचं आहे. २०२२ ला मुदत संपली तेव्हापासून कितीतरी झेडप्यांवर प्रशासक बसले, आपला सदस्यच नव्हता विचारायला. ते दिवस गेले लेकरांचे. मी तर म्हणतो वर्गणी तर अजिबात देऊ नका, एकदा दिली की कायमची सवय लागती त्यांना.


झेडपी_गुरुजी:

तुमचा राग खरा आहे अन मी तो रोज वर्गात उभा राहून बघतो. पण मागणं म्हणजे भीक नाही. झेडपीचा सेस म्हणजे तिचा स्वतःचा करातला पैसा, जिल्हा वार्षिक योजना, आमदार-खासदार निधी, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा पैसा, हा सगळा आपलाच पैसा आहे अन तो दरवर्षी कुठं ना कुठं खर्च होतो. जिथून मागणी येती तिथं जातो. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्वागत कमान ह्यांची मागणी करणारे रोज ऑफिसात बसून असतेत, शाळेची मागणी घेऊन कोण बसतं? म्हणून पालक गेला पाहिजे. केंद्राच्या पीएमश्री योजनेत निवडलेल्या शाळांना सौर पॅनल, एलईडी हे हरित शाळेचा भाग म्हणून ठरवूनच दिलेलं आहे, मग बाकीच्या शाळांतली लेकरं काय वेगळी आहेत का, हा प्रश्न आमदाराला नीट विचारता येतो.

वर्गणीचं मात्र पटतं. बसवायला वर्गणी नको. देखभालीला थोडी चालंल.


धोंदलगावच्या_शेजारी:

आमदाराच्या मागं लागायच्या आधी ग्रामपंचायत बघा राव. वित्त आयोगाच्या पैशात काही भाग बंधित, म्हणजे पाणी अन स्वच्छतेलाच, पण बाकीचा अबंधित असतो, त्यातून शाळेचं काम आराखड्यात घेता येतं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू होतं तेव्हा पालकांनी सभेला जाऊन बसायचं. कोरम भरायला लोक शोधत असतेत, तुम्ही पन्नास पालक गेलात तर ठराव तुमचाच होतो.

अन दुसरं, तुमच्या गावात किंवा शेजारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा प्रकल्प आला असला तर बघा. शेतीला दिवसा लाईट द्यायसाठी गायरानावर पॅनल लावतेत ती योजना. आमच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा २०२४ मध्ये सुरू झाला, त्या योजनेतला राज्यातला पहिलाच. ज्या ग्रामपंचायतीत असा प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळून १५ लाख गावच्या कामाला मिळायची तरतूद आहे. आता गायरानावर सोलार अन त्याच गावच्या शाळेत पंखा बंद हे बरोबर दिसत नाही, सरपंचाला एवढंच म्हणा.


ऊसपट्टा_बीड:

आमच्याकडचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. जी लेकरं मागं आजीपाशी राहतेत त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, संध्याकाळी जेवण तिथंच, अभ्यास पण तिथंच. म्हणजे आमच्या शाळेला लाईट दिवसापेक्षा संध्याकाळी सहा ते नऊ जास्त लागती, अन नेमकी तेव्हाच जाती. म्हणून सोलारवाल्या भाऊंनी जे बॅटरीचं सांगितलं ते आमच्यासाठी तर आधी येतं. आम्ही पण फाईल करायलोत. भाऊ, रात्री तीन तास आठ ट्यूब अन सहा पंखे चालवायला बॅटरी किती लागंल?


नांदेड_सोलारवाला:

ट्यूब २० वॅट धरली तर आठच्या १६०, पंखे बीएलडीसी असले तर १८०. मिळून ३४०, तीन तासाला एक युनिटच्या जरा वर. ५ युनिटच्या बॅटरीत आरामात बसतं, ढगाळ दिवशी पण. जुने पंखे ठेवले तर पावणेदोन-दोन युनिट. सांगायचं तात्पर्य पंखे बदला.

अन टेंडरमध्ये पाच वर्षांची देखभाल दरासहित लिहून घ्यायला लावा. बसवणारा कुठला अन बिघडल्यावर येणार कोण हे कागदावर पाहिजे. वर्षातून ठराविक भेटी, इन्व्हर्टर-बॅटरीची वॉरंटी शाळेच्या नावानं, अन ठेकेदाराचं शेवटचं बिल सिस्टीम वर्षभर चालल्यावरच द्यायचं. पॅनल धुवायला छतावर नळाचा एक पॉइंट अन पक्की शिडी एवढं तरी अंदाजपत्रकात घाला, आपल्याकडं फेब्रुवारीनंतर धूळ इतकी बसती की उत्पादन चांगलंच कमी होतं. वानरं असली तर केबल पाइपातून.


लातूरकर_पालक:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी समितीची बैठक लावली. ताईंचं वाचून माझी बायको अन अजून सात-आठ जणी आमदार साहेबांकडं जायला तयार झाल्यात. ठरावाचा मसुदा केलाय, गुरुजी एकदा बघा:

"शाळेत वीजपुरवठा वारंवार खंडित होत असल्याने व वीजबिल शाळा अनुदानातून भागत नसल्याने, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखड्यात ३ किलोवॅट हायब्रिड सौर यंत्रणा, लिथियम बॅटरी, २० बीएलडीसी पंखे, छतावर पाण्याचा नळ व शिडी, आणि ५ वर्षे देखभाल यांचा समावेश करण्यात येत आहे. सदर काम जिल्हा वार्षिक योजना, आमदार स्थानिक विकास निधी, जि.प. सेस किंवा ग्रामपंचायत अबंधित निधी यांपैकी उपलब्ध निधीतून मंजूर करावे, असा ठराव सर्वानुमते मंजूर."


झेडपी_गुरुजी:

चांगला आहे. सूचक-अनुमोदकांची नावं अन उपस्थितांच्या सह्या घ्या, त्यात महिला सदस्यांच्या सह्या सगळ्यात आधी. यंत्रणा कोणत्या खोलीवर बसवायची ते पण लिहा, "नवीन वर्गखोली क्रमांक अमुक, आरसीसी छत" असं, म्हणजे बांधकामवाले पाहणीला आले की थेट तिथंच चढतील. अन प्रत चार ठिकाणी द्या, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक, सीईओ अन ग्रामपंचायत, प्रत्येक ठिकाणी पोच घ्या शिक्क्यासहित. पंधरा दिवसांनी पोच घेऊन परत जायचं, कोणत्या टेबलावर फाईल आहे ते विचारायचं. टेरिफचा अर्ज दिला का?


लातूरकर_पालक:

दिला गुरुजी, पोच घेतली. थकबाकी किती आहे ते पण लिहून आणलंय, ती ग्रामपंचायत भरायला तयार आहे, ग्रामसेवक म्हणले मासिक सभेत विषय घेतो.


गोदाकाठ_परभणी:

दादा फाईलच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या काढा. एक समितीच्या अध्यक्षाच्या घरी ठेवा. मुख्याध्यापकाची बदली झाली की शाळेतली फाईल सापडत नाही.